आक्कांच्या दोरीवरचं धोतर

गिरजाक्कांनी भिंतीपलीकडून भिरकावलेली चादर खिडकीतून आली आणि थेट माझ्या टाइपरायटरवर येऊन बसली. यंत्रात कागद होता, कागदावर नुकताच ‘कटिबद्ध’ हा शब्द उमटला होता, आणि त्याच्यावर आता ओली, साबणाच्या वासाची, दवाखान्याची पांढरी चादर पसरली होती. पांढरी म्हणायची ती सवयीनं. कुणी कुंकवाचं बोट पुसत गेल्यासारखे तिच्यावर लाल लाल ठिपके होते.

“कोरेबाई, दाखवा तुमच्या मालकाला,” पलीकडून आवाज आला. “आणि इचारा त्यास्नी, दवाखान्यात माणसं बरी व्हायला येत्यात का रंग खेळायला.”

मी खिडकीशी गेले. भिंतीवरून आक्कांचा चेहरा आणि पदर खोचलेला खांदा तेवढा दिसत होता. त्यांच्या मागं दोन बाभळींच्या मध्ये ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर अख्खं गाव वाळत घातलेलं: सदरे, टोप्या, परकर, शाळेचे पडदे.

“आक्का, मी सांगते आण्णांना.”

“मागल्या बाईबी असंच म्हनायच्या. लगीन करून गेल्या, सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”

सांगलीच्या बाहेर, कृष्णेच्या अंगाला, मगदूमांचा हळदीचा कारखाना होता. शिजवून वाळवलेली हळद तिथं मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची. हळकुंडं एकमेकांवर घासायची, वरची खरबरीत साल निघून जायची, आणि आत गेलेलं मातकट हळकुंड सोन्याच्या कांडीसारखं होऊन बाहेर यायचं. निघालेली साल कुठं जायची, ते कुणाला विचारावं लागत नसे. आमच्या आवारातली मांजर पिवळी होती. चिमण्या पिवळ्या होत्या. ड्रमवरच्या बाळगोंडाच्या मिशा तर अशा पिवळ्या की नवा माणूस त्याला थबकून बघायचा.

आणि वारा फिरला की ती धूळ भिंत ओलांडून आक्कांच्या दोरीवर जायची. कोरड्या कापडावर ती नुसती दिसायचीही नाही. पण घडी घालताना एखादा मळका कोपरा पुन्हा चोळायला घ्यावा आणि साबणाचा हात लागावा, की लपून बसलेली हळद लालभडक होऊन उठायची. म्हणून आक्का कापड दोरीवर टाकण्याआधी नेहमी एक करायच्या. पदराचं टोक चिमटीत धरून वर उचलायच्या आणि सोडून द्यायच्या. पदर कारखान्याच्या भिंतीकडे उडाला तर कापडं घालायच्या, अंगावर परत आला तर टोपलीवर ओलं फडकं टाकून वाऱ्याची वाट बघत बसायच्या. कारखान्यात आल्यापासून मी रोज खिडकीतून ते बघत होते. बाई पदराला कौल लावते आहे, असं मला वाटायचं.

मी तिथं पत्रव्यवहाराला होते. मराठीत एम. ए. केलं होतं, बायकांच्या ओव्या गोळा करत गावोगाव हिंडले होते, आणि त्या शिक्षणाचं पुढं काय करायचं हे घरी कुणालाच कळलं नव्हतं. आण्णांना माझं अक्षर आवडलं. टाइपरायटर समोर ठेवून ते म्हणाले होते, “अक्षर चांगलं असणारं माणूस खोटं लिवताना दमतं. आपल्याला बरं.”

आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, आमचे मालक. साठीचे, उंच, अंगावर कडक परीटघडीचं धोतर. ते धोतर या गावात कधी वाळलं नाही. सांगलीच्या लाँड्रीतून यायचं, कागदात गुंडाळून.

त्या सकाळी आण्णा आत आले ते चादरीला वळसा घालून, जणू ती तिथं नव्हतीच.

“झालं का धोरण?”

हा शब्द आमच्याकडे एका पत्रातून आला होता. हँबुर्गच्या एका व्यापाऱ्याला वर्षभर हळद हवी होती. पण कंपनीचं लेखी पर्यावरण धोरण हवं, आणि ते नुसतं कागदावर नाही ना हे बघायला पुण्याहून त्यांचं माणूस येणार होतं. आमची हळद उन्हाळा संपेपर्यंत संपायची. मग ड्रम थांबायचा आणि हळद निवडणाऱ्या सगळ्या बायका पाऊस सरेपर्यंत घरी बसायच्या. ही ऑर्डर मिळाली तर त्यांचा पावसाळा निघणार होता. आण्णांनी तसं त्यांना सांगूनही टाकलं होतं, त्यामुळे येता-जाता कुणी ना कुणी माझ्या खिडकीत डोकावून विचारायची, “बाई, लिवलं का?”

मी चादर बाजूला करून वाचलं. “मगदूम हळद उद्योग हा पर्यावरणाच्या रक्षणास व संवर्धनास सदैव कटिबद्ध असून निसर्गाचा समतोल राखण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करील.”

आण्णांनी डोळे मिटून ऐकलं. “आवाज चांगला हाय. देवळातल्या घंटेगत.”

“परत वाचा,” भिंतीपलीकडून आवाज आला.

आण्णांनी डोळे उघडले. मी परत वाचलं.

“म्हंजे धूळ थांबनार?”

मी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी छताकडे बघितलं.

“शक्य ते सर्व प्रयत्न करणार, आक्काताई,” ते खिडकीकडे न वळता म्हणाले. “लिवलंय की.”

“कुनाला शक्य? कवा शक्य? माज्या नवऱ्यानंबी शक्य ते सगळं केलं दारू सोडायला.”

आण्णा खिडकीपाशी गेले. मला वाटतं, कित्येक वर्षांत ती दोघं इतकी जवळून एकमेकांशी बोलली नव्हती.

“हळदीची धूळ हाय ती, काय इख न्हाई. लग्नात अंगाला लावतासा.”

“लग्नात म्या सांगून लावून घेतली. दवाखान्याच्या डाक्टरनं काल सांगितलंय, आनि एक चादर अशी आली तर काम दुसऱ्याकडं. तुमाला काय. तुमचं धोतर मोटारीतनं येतंय सांगलीस्नं.”

“माझ्या धोतराचं नाव काढू नका.”

“का न्हाई काढू? घाला की एकदा माज्या दोरीवर. मग बगू तुमचं संवर्धन.”

“घालतो.”

“कवा?”

“दर सोमवारी घालतो. सकाळी घालायचं, सांजच्याला काढायचं. तुम्हीच साबण लावून बघायचा.”

“आनि डाग पडला तर?”

आण्णांचे कान लाल झाले होते. “पडला तर मंगळवारी सकाळी ड्रम फिरणार न्हाई. कुठनं धूळ निघाली ते सापडूस्तवर न्हाई फिरणार. आणि ते धोतर मी तसंच नेसून बाजारातनं जाईन. झालं समाधान?”

“बोललासा.”

“बोललो.”

आण्णा तरातरा निघून गेले. मी चादरीची घडी घातली, टाइपरायटरमधला कागद काढला आणि दुसरा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद त्यांच्या टेबलावर होता. मगदूम हळद उद्योग, पर्यावरण धोरण. खाली आधी हा कारखाना कुणाला त्रास देतो ते लिहिलं होतं: पाठीमागच्या वस्तीला, वाऱ्यावरच्या धुळीनं. मग सोमवार, दोरी, धोतर, साबण. मग मंगळवारचा ड्रम. मग बाजार. ‘सदैव’ नव्हतं, ‘समतोल’ नव्हता. शेवटी सहीची जागा आणि नाव, भूपाल जिनगोंडा मगदूम.

आण्णांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“कोरेबाई, मी भांडत होतो.”

“हो, आण्णा.”

“भांडणातलं कोण लिवून काढतं व्हय?”

“भांडताना तुम्ही कुणी, कधी, काय करायचं ते सगळं सांगितलंत. आधीच्या कागदात त्यातलं काहीच नव्हतं.”

बाजूला ड्रम खडखडत होता, आणि त्या तालावर माझ्या टेबलावरची कपबशी नेहमीसारखी थरथरत होती.

“त्या कटिबद्धमधनं पळून जायला वाट होती,” ते हळूच म्हणाले. “ह्यात न्हाई.”

“नाही.”

“पुण्याचा माणूस हसंल.”

“हसू दे की.”

“पेन द्या. ती बया भिंतीला कान लावून बसली असंल.”

“बसले न्हाई,” पलीकडून आलं, “उभी हाय.”

पहिल्या सोमवारी धोतर दोरीवरून उतरलं ते अगदी स्वच्छ दिसत होतं. आक्कांनी ते दगडावर पसरलं आणि साबणाची वडी फिरवली. कार्तिकात पारिजातकाखाली अंगण भरावं तसं ते भरून आलं, फक्त लाल. दुसऱ्या दिवशी आण्णांनी ड्रम बंद ठेवला, बाळगोंडाला घेऊन त्याच्याभोवती फिरले, झाकणाच्या फटी पोत्यानं बुजवल्या. आणि मग ते धोतर नेसून बाजारातून गेले.

“आण्णा, या वयात हळद लागली?” भाजीवाली म्हणाली.

“लागली बाई. मुलगी भिंतीपल्याडची हाय, पसंत करंना झालीया.”

हे बाजारातून गावात, गावातून कारखान्यात आलं. निवडणाऱ्या बायकांनी दुपारपर्यंत त्याची ओवी केली. मी खोलीत बसून ऐकली आणि जन्मात पहिल्यांदा मला ओवी गोळा करायला कुठं जावं लागलं नाही.

पिवळ्या गं वाऱ्याला सांगा जाऊन कुणीतरी,
मालकाचं धोतर हाय आक्काच्या दोरीवरी.

पुढच्या सोमवारी ठिपके कमी झाले. त्याच्या पुढच्या सोमवारी वारा जोराचा होता, पुन्हा वाढले. दर मंगळवारी ड्रम थांबायचा, काहीतरी सापडायचं, काहीतरी शिवलं जायचं. आक्कांनी दवाखान्याच्या टाकून दिलेल्या डागाळ चादरी भिंतीवरून आत दिल्या. “माज्या काय कामाच्या न्हाईत. तुमच्याच हळदीच्या हायत, घ्या.” बाळगोंडानं त्यांच्या लांबलचक पिशव्या शिवून ड्रमच्या तोंडाला बांधल्या.

तेवढ्यात पत्र आलं. पुण्याच्या तारे मॅडम येत होत्या. सोमवारी.

त्या दिवशी आवार सारवल्यासारखं झाडलेलं होतं. मांजरीलासुद्धा कुणीतरी अंघोळ घातली होती आणि ती रागानं पायरीवर बसली होती. तारे मॅडम चाळिशीच्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. मी केलेलं इंग्रजी भाषांतर त्यांच्या हातात होतं.

“हे धोतराचं खरं आहे?” त्यांनी विचारलं.

“सकाळीच दोरीवर घातलंय,” आण्णा म्हणाले.

“मग संध्याकाळपर्यंत थांबते.”

चहा आला. मॅडम कागद चाळत होत्या. मी कप उचलायला हात पुढं केला आणि थांबले. कपबशी निवांत होती. चहावर एक साधी लहरसुद्धा नव्हती.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे, मग भिंतीकडे. सकाळपासून धावपळीत ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“बाळगोंडा,” त्यांनी हाक मारली.

बाळगोंडा दारात आला. मिशा धुतल्यामुळे तो ओळखू येत नव्हता.

“ड्रम का गप हाय?”

“लाइट गेलीय, आण्णा.”

आमच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. आण्णांनी वर बघितलं. मी वर बघितलं. मग तारे मॅडमनी वर बघितलं. शेवटी बाळगोंडानंही वर बघितलं, आणि पंखा तिथं आहे हे त्याला नव्यानंच कळल्यासारखं झालं.

खिडकीतून निवडणाऱ्या बायकांच्या खोलीचं दार दिसत होतं. त्या हात थांबवून इकडेच बघत होत्या. त्यांचा पावसाळा त्या शांततेत लटकलेला होता. ड्रम असाच गप राहिला तर संध्याकाळी धोतर दुधासारखं उतरणार, साबण त्याला काही करू शकणार नाही, मॅडम खूष होऊन जाणार. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बाळगोंडानं ते त्या बायकांसाठीच केलं होतं, आणि त्यांच्यात त्याची बायकोही होती.

आण्णांनी धोतराचा सोगा हातात धरला. त्या दिवशीही ते मागच्या सोमवारचंच नेसले होते.

“चालू कर,” ते म्हणाले.

“आण्णा, वारा भिंतीकडंच हाय आज.”

“ठाव हाय मला. चालू कर.” मग मॅडमकडे वळून म्हणाले, “लाइट गेली न्हवती. माणूस माझा चांगला हाय, पर त्याला खोटं बोलायची सवय न्हाई, त्यामुळं जमलं न्हाई. तुम्ही आल्यापासून ड्रम बंद हाय. आता बघा.”

खडखड सुरू झाली. चहावर बारीक लहरी उठल्या. मॅडमनी काही लिहिलं नाही, नुसता कप उचलून चहा प्यायल्या.

संध्याकाळी आम्ही सगळी भिंतीपलीकडे गेलो. आक्कांनी धोतर उतरवलं, दगडावर पसरलं. निवडणाऱ्या बायका भिंतीच्या या बाजूनं पोत्यांवर चढून बघत होत्या. आक्कांच्या हातातली वडी नेहमीपेक्षा सावकाश फिरली. मला वाटलं, त्या एखादा कोपरा सोडतील. त्यांनी सोडला नाही. आण्णाही ‘सोडा’ म्हणाले नाहीत.

ठिपके उठले. पहिल्या सोमवारएवढे नव्हते, पण होते.

“हे काय आहे?” मॅडमनी वाकून विचारलं.

“आजची धूळ,” आक्का म्हणाल्या. “गेल्या टायमाला सोग्यावर बोट ठेवाया जागा न्हवती. आज बगा, मोजून घ्या पायजे तर. पर हाय ती हाय.”

“मग आता?”

“आता उद्या ड्रम बंद,” आण्णा म्हणाले. “कागदात लिवलंय.”

“उद्या तुमचा माल निघायचाय ना? बाहेर ट्रक उभा आहे.”

“उभा ऱ्हाईल.”

मॅडमनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. निघताना एवढंच म्हणाल्या, “मी पुष्कळ कंपन्यांची धोरणं वाचली. दोरीवर वाळत घालता येईल असं अजून एकही भेटलं नव्हतं.” ते कौतुक होतं की निकाल, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. पोत्यांवरच्या बायका एकेक करून खाली उतरल्या.

मंगळवारी सकाळी मॅडमची गाडी स्टेशनकडे जाता जाता फाटकाशी थांबली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ड्रम बंद होता. ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर टायरला टेकून झोपला होता. ड्रमच्या पोटाखाली आण्णा आडवे झाले होते, ठिपक्यांचं धोतर मातीत लोळत होतं, बाळगोंडा बत्ती धरून होता, आणि आक्का एक जाड दाभण घेऊन बाहेरून सांगत होत्या, “तितं न्हवं, आण्णा, डावीकडं. शिवन तितनं उसवलीया.” मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या. आण्णांकडे बोट करून मला खुणेनं ‘उठवू नका’ म्हणाल्या आणि गेल्या.

पत्र यायला बराच वेळ लागला. तोवर बायका माझ्या खिडकीत डोकावायच्या थांबल्या होत्या. आलं तेव्हा मी ते आधी खोलीत जाऊन त्यांनाच वाचून दाखवलं. हँबुर्गनं वर्षाची हळद मागितली होती. धोरणाच्या कागदावर त्यांना एकच भर हवी होती: तपासणी कुणी करायची, त्या माणसाचं नाव आणि सही. मी कागद घेऊन भिंतीपाशी गेले. आक्कांनी हात पदराला पुसले, ‘गिरजा परीट’ असं मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, आणि म्हणाल्या, “आता मालक मला भ्याला पायजे.”

“भ्यालोय कवाच,” आण्णा मागून म्हणाले.

त्या ऑर्डरीच्या जोरावर कुपवाडच्या कारखान्यात धूळ ओढून घेणारा पंखा बनवून घेतला. चादरींच्या पिशव्या तशाच राहिल्या, पंख्याला जोडून. पाऊस आला, ड्रम चालू राहिला, बायका निवडत राहिल्या. पावसात सोमवारचं धोतर आक्कांच्या छपराखाली वाळलं, पण सुटलं नाही.

मग पाऊस सरला. आश्विनातला एक लखलखीत सोमवार आला. वारा कृष्णेकडून सुटला होता, सरळ भिंतीकडे. ड्रम सकाळपासून भरून फिरत होता. संध्याकाळी आक्कांनी धोतर उतरवलं, दगडावर पसरलं, वडी फिरवली. काही नाही. दुसऱ्या बाजूनं फिरवली. सोगा चोळला, काठ चोळले. फेस पांढरा, धोतर पांढरं.

आक्कांनी मान वर केली. “बदललं तर न्हाई?”

“तुमच्याच हातनं घातलं सकाळी.”

“ड्रम?”

मी माझी कपबशी मुद्दाम बरोबर आणली होती. भिंतीवर ठेवली. ती टणटणत होती.

पोत्यांवर चढलेल्या बायकांतून कुणीतरी सूर लावला, बाकीच्यांनी उचलला.

सोमवारच्या धोतराला साबण गं लाविला,
लाल काई फुलंना बाई, वारा धुऊन निघाला.

आण्णांनी पाठ फिरवली आणि चष्मा काढून सोग्याला पुसायला घेतला. आक्कांना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. टोपलीत दवाखान्याच्या चादरी होत्या, दिवस कलला होता, अजून थोडं ऊन शिल्लक होतं. त्या दोरीपाशी गेल्या. मी सवयीनं त्यांच्या पदराकडे बघत होते, आता चिमटीत धरतील, वर उचलतील, सोडतील.

पदर खांद्यावर होता तसाच राहिला. आक्कांनी टोपलीतली चादर उचलली, दोन्ही हातांनी झटकली, आणि वाऱ्याला काहीही न विचारता दोरीवर टाकली.